मडक्यावरची झेंडी

“मावशी, आज पाणी गोड का लागतंय?”

ग्लास रिकामा करून माझ्या भाडेकरूंनी विचारलं. नजर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून हलली नव्हती.

“तुमच्या तलासरीचा पाणी गोडच असते ने, भाऊ,” डहाणूच्या स्टुडिओवाल्याची आई म्हणाली आणि तिनंही आपला ग्लास त्याच मडक्यात बुडवला. ओट्यावरची माणसं हसली.

मी हसले नाही. मी तिच्या हातावर फटका मारला. ग्लास उडून पायरीवर आपटला. तिवईवर दोन मडकी शेजारी शेजारी होती, एकाच कुंभाराची, एकाच मापाची. एकात माझ्या विहिरीचं पाणी होतं. दुसऱ्यातल्या पाण्यात ट्रकच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं कूलंट मिसळलेलं होतं, आणि त्यातून निघालेल्या दोन नळ्या कॉम्प्युटरच्या पेटीत जात होत्या. उघडं होतं ते नळ्यांचं मडकं.

“थुंका!” मी त्यांना म्हटलं.

“गेलं पोटात.” मग त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. मडकं बघितलं, नळ्या बघितल्या. घड्याळ बघितलं. “चौदा वीसला पाऊण ग्लास. डॉक्टर विचारतील. परत बोला.”

“चौदा वीस, पाऊण ग्लास,” मी बोलले. आमच्या घरात तशी पद्धतच पडली होती.

“बरोबर. आणि मशीन बंद करायचं नाही. तेरा टक्के राहिलेत.”

असा माणूस. विष पोटात आणि लक्ष तेरा टक्क्यांवर. आता हा माणूस कोण ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचा जिल्हा नवा झाला त्या वर्षी ते माझी पुढची खोली भाड्यानं घ्यायला आले. डहाणू रोडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केलेली, नुकतेच रिटायर झालेले. बायको वारलेली, एक मुलगी, तिचं लग्न होऊन ती विरारला. डहाणू सोडून इकडे हायवेला कशाला आलात, असं मी तोंडावरच विचारलं.

“तिथे गाड्यांचे आवाज येतात. गाडी लेट झाली की मला जेवण जात नाही.”

“इथे ट्रकचे आवाज येतील.”

“येऊ देत. ट्रकला टाइमटेबल नसतं.”

सामान काय, तर एक ट्रंक, लाल आणि हिरवी अशी झेंड्यांची जोडी, आणि कुठल्याशा ऑफिसनं जुना म्हणून लिलावात काढलेला एक कॉम्प्युटर. दारू नाही, विडी नाही. आमच्या भागात राहून ताडीचा थेंबही न घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. लोक त्यांना सिग्नलकाका म्हणायचे.

त्यांची एक खोड होती. कोणतीही गोष्ट सांगितली की समोरच्याकडून ती परत वदवून घ्यायचे.

“मावशी, उद्या दूध अर्धा लिटर.”

“हो.”

“हो नाही. परत बोला.”

“मी काय तुमची नोकर आहे?”

“नोकर नाही. पण रेल्वेत ऐकलं म्हणजे कळलं असं धरत नाहीत. परत बोललं म्हणजे कळलं.”

पहिले दोन महिने मला राग यायचा. मग लक्षात आलं की माझ्या घरात दूध चुकायचं बंद झालंय. भाजीवालीही परत बोलायला लागली. एसटीचा कंडक्टर मात्र बधला नाही. यांनी “डहाणू एक, परत बोला,” म्हटलं की तो म्हणायचा, “काका, परत बोलू की परत सोडू?”

वेळ सांगायची तीही रेल्वेची. तेरा चाळीस, सोळा दहा. मी चौथी पास. बारा वजा करायला मला जमतं. पण म्हातारपणी कोणी रोजची वजाबाकी करायला लावेल असं वाटलं नव्हतं.

काम ते रिटायर झाल्यावर शिकले, लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग. डहाणूचा एक स्टुडिओवाला गावोगावच्या लग्नांचं शूटिंग करायचा, सायवनपासून इकडे झरीपर्यंत. ते यांच्याकडे आणून द्यायचा. पाच-पाच तासांची हळद, नाच, जेवणावळ. त्यातलं हे निवडायचे, कापायचे, जोडायचे, गाणी घालायचे आणि तासाची फिल्म करायचे. निवडणं-कापणं माणसानं करायचं. शेवटी सगळं एकजीव करायचं काम मशीनचं. त्याला ते रेंडर म्हणायचे. मी शिजवणं म्हणायचे, कारण तसंच होतं ते. एकदा चुलीवर चढवलं की मध्ये हात घालायचा नाही, वाट बघत बसायचं. त्या जुन्या कॉम्प्युटरला तासाची फिल्म शिजवायला पाच तास लागायचे.

पाच तास बसणं त्यांना सोसायचं नाही. तसं त्यांना दुसरं काम काय होतं? काही नाही. पण ते म्हणायचे, “मशीन दमलेलं नाही, मावशी. त्याला हळू चालायला सांगितलंय.”

“कोणी?”

“कंपनीनं. कारखान्यातच सांगून पाठवतात, याच्या पुढे जायचं नाही म्हणून.”

मला जे कळत नाही ते मी विचारते. शाळा कमी झाली, त्यामुळे विचारण्यासारखं पुष्कळ उरलं. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी पेटीचं झाकण काढलं. आत धूळ, वायरी, एक पंखा. पंख्याखाली बिस्किटाएवढा एक चौकोनी तुकडा. हा प्रोसेसर, म्हणाले, सगळी बेरीज-वजाबाकी इथे होते. त्याचा एक ठोका असतो. प्रत्येक ठोक्याला एक काम. हा दोन पॉइंट सहाचा आहे. ठोका वाढवला की काम वाढतं.

“कसा वाढवायचा? आत काही बदलायचं?”

“काही नाही. एक आकडा बदलायचा.”

हे मला पटेना. आकडा बदलून काम कसं वाढेल? मी दोन दिवस भांडी घासताना तेच घोळवत होते. मग मला कांडण आठवलं. आमच्या पाड्यावर लग्नाचं भात कांडायला एका उखळाला दोघी उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. मध्ये एक म्हातारी बसून गाणं म्हणायची, त्या गाण्यावर मुसळं पडायची. वऱ्हाड जवळ आलं की म्हातारी गाणं भरभर म्हणायची. बाया त्याच, मुसळं तीच, उखळ तेच. पण भात लवकर निघायचं.

मी त्यांना हे सांगितलं. ते खुर्चीवरून उठलेच.

“आणि फारच भरभर म्हटलं तर?”

“तर मुसळावर मुसळ आदळतं. नाहीतर कोणाची तरी बोटं जातात.”

“आणि त्याच्या आधी?”

“हाताला फोड येतात. अंग तापतं.”

“मावशी, परत बोला.”

मी परत बोलले. त्यांनी ते खडूनं भिंतीवर लिहिलं. माझी भिंत, न विचारता. लिहू दिलं.

त्यानंतर त्यांनी गाणं भरभर करायला घेतलं. दोन पॉइंट आठ. मग तीन. तीनला तुकडा इतका तापायचा की मशीन आपणहून बंद व्हायचं. शेजारी टेबलफॅन लावला, पेटीचा पत्राच काढून ठेवला. आत पाल जाऊन बसली, तिला काढण्यात एक सकाळ गेली. मग फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी वळवून आणली, डहाणूच्या लेथवाल्याकडून तांब्याचा एक ठोकळा करून आणला, मासे पाळतात त्या काचेच्या पेटीतला पंप आणला. तुकड्यावर ठोकळा, ठोकळ्यातून नळी, नळीतून पाणी फिरवायचं. पाणी ठेवलं प्लॅस्टिकच्या बादलीत. एप्रिल महिना. तासाभरात बादलीचं पाणी अंघोळीचं झालं.

ते बादलीकडे बघत उभे. मी म्हटलं, “पाणी गार राहायला हवं ना? मग मडक्यात ठेवा की. शिकलेल्या माणसाला एवढं सुचत नाही?”

ते हळू आवाजात म्हणाले, “परत बोला.”

मडक्याची कल्पना माझी. हे मी अभिमानानं सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगते.

मडकं आलं, ओट्यावर सावलीत बसलं, भिंतीला भोक पाडून नळ्या आत गेल्या. मशीन तीन पॉइंट चारला चालायला लागलं, आणि बंद पडेना. पाच तासांचं काम चार तासांच्या आत आलं. तीन पॉइंट सहालाही नेऊन बघितलं. दहा मिनिटांत स्क्रीन निळी झाली. “मुसळावर मुसळ,” ते म्हणाले आणि परत तीन चारवर आले.

आता आमचा ओटा कसा, तर बस थांबते तिथून वीस पावलांवर. तालुक्याच्या कामाला आलेली आतल्या पाड्यांवरची माणसं बसची वाट बघत माझ्या ओट्यावर बसतात. सासूच्या वेळेपासून तिथे पाण्याचं मडकं असतं. ज्याला तहान लागली त्यानं घ्यायचं, विचारायचं नाही. तर आता दोन मडकी झाली आणि लोक दोन्हीतलं प्यायला लागले. आत स्क्रीनवर तापमानाचा आकडा चढायचा आणि हे बाहेर धावायचे.

“पाणी कोणी घेतलं?”

“तहानलेल्यानं,” मी म्हणायचे. “बसा खाली. मी भरते.”

झरीचे एक म्हातारबाबा दर आठवड्याला यायचे. ते मला म्हणाले, “आजी, तुझ्या मडक्यापेक्षा काकाच्या मडक्यातलं पाणी कोमट लागतं. पण पोटाला बरं पडतं.” तेव्हा ते साधं पाणीच होतं.

स्टुडिओवाल्याला या सगळ्याचं हसू यायचं. तिशीतला माणूस, घरी गुजराती, बाहेर मराठी, स्वभावानं चांगला. “काका, छोडो ने आता. नवीन प्रोसेसर घ्या. ह्याच्यात काम करणारे दोन आहेत, त्याच्यात चार आहेत. आरामात काम करतात, तापत पण नाही.”

“चार कशाला? दोघांत अजून आहे.”

“अरे पण मडका, पंप, नळी! एवढी मेहनत नवीन आणायला केली असती तर दोन वेळा आणून झाला असता.”

हे खरंच होतं. पैशाचा प्रश्न नव्हता, पेन्शन होती, खर्च काही नव्हता. मग नवीन का घेत नाही, हे मी त्यांना किती वेळा विचारलं असेल. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाले, नव्याचं मला काही माहीत नाही, याचं सगळं माहीत आहे. एकदा म्हणाले, नवीन आणलं की जमवायला काही उरत नाही, नुसतं वापरायचं. एकदा सांगितलं की त्यांच्या केबिनमधले सिग्नलचे जुने लिव्हर काढून बटणांचं पॅनल बसवलं, तेव्हा काढलेल्या प्रत्येक लिव्हरची झीज त्यांनी स्वतः मोजली होती. काहीच झिजलं नव्हतं. ते सांगताना त्यांचा आवाज चढला होता, म्हणून हे कारण खरं असावं. की तिन्ही खरी होती, मला माहीत नाही.

मी माझं मत सांगितलं होतं. “प्रत्येक वस्तू सांगितल्यापेक्षा थोडी जास्त चालते, हे मला मान्य. पण मग ती थोडी लवकर मरते.”

“कशावरून?”

“माणसांवरून.”

“माणसांचं कोणी मोजलंय?” म्हणाले. ते दिवसातून तीनदा तापमान वहीत लिहायचे, मोजल्याशिवाय बोलणारे नव्हते.

दुसऱ्या उन्हाळ्यात मडक्याच्या पाण्यात शेवाळ धरलं. पंपात अडकलं, मशीन दोनदा बंद पडलं. हायवेवरच्या ट्रकच्या दुकानातून त्यांनी कूलंटचा कॅन आणला आणि पाण्यात मिसळला. त्या दिवशी त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं, “या मडक्यात आता विष आहे. चवीला गोड असतं, म्हणून जास्त वाईट. कोणी प्यायचं नाही. परत बोला.” मी परत बोलले. एकदा नाही, तीनदा बोलायला लावलं. मग ट्रंकेतली लाल झेंडी काढली आणि काठीसकट मडक्याच्या गळ्याला सुतळीनं बांधली.

मी म्हटलं, “हे मडकं आत घ्या. माझ्या ओट्यावर झेंडी लावलेलं पाणी चालायचं नाही.”

“का?”

मी चौथीपर्यंत ज्या शाळेत गेले तिच्या ओट्यावरही दोन मडकी होती. आमच्या पाड्यावरच्या पोरांच्या मडक्यावर चुन्याचा ठिपका होता. बिनठिपक्याच्या मडक्याला आम्ही हात लावायचा नाही. पाणी दोन्हीत एकाच विहिरीचं. मी त्यांना हे सांगितलं. त्याच दिवशी मडकं झेंडीसकट आत खोलीत गेलं आणि वर्षभर आतच राहिलं. खोलीत वारा नाही, त्यामुळे मडकं कमी गार व्हायचं आणि मशीन तीन पॉइंट दोनवर आणावं लागलं. तेवढं त्यांनी सोसलं.

मग स्टुडिओवाल्यानं नवीन कॉम्प्युटर घेतला. लगेच आला सांगायला. “काका, तासाची फिल्म, चाळीस मिनिट! आता हे मडका बंद करा. मी नवीन मशीन तुमच्या खोलीत आणून ठेवतो, तुम्ही त्याच्यावर काम करा.”

“चार तासांत माझ्याकडे होते.”

“तुमच्याकडे पाच तास होते.”

“चारच्या आत. बघायला या.”

तसं ठरलं. एक फिल्म, अकराला चढवायची. पंधराच्या आत, म्हणजे दुपारी तीनच्या आत शिजली तर जुनं मशीन राहील. नाही शिजली तर नवीन येईल आणि जुनं बांधून ठेवायचं. दुसऱ्या कोणाचं यात काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते त्यांचं मशीन, आणि चार वर्षं ते जे सगळ्यांना सांगत होते ते.

चार तासांच्या आत यायचं तर तीन पॉइंट चार हवं. तीन चार हवं तर वारा हवा. म्हणून त्या सकाळी त्यांनी टेबल, पेटी, मडकं, सगळं बाहेर ओट्यावर आणलं. मला विचारून आणलं. एकच दिवस, म्हणाले. माझं पाण्याचं मडकंही त्याच तिवईवर होतं, कारण तिवई एकच. ते वायरी जोडायला आत गेले. बसची माणसं येऊन बसायला लागली. झरीचे म्हातारबाबा आले, सोबत त्यांची नातसून. त्यांनी झेंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. विचारलं काही नाही. बसले नुसते, पाणी न घेता.

मी झेंडी सोडली. घरात नेली, तांदळाच्या पिंपामागे ठेवली. नळ्यांच्या मडक्यावर झाकण ठेवलं, त्यावर दगड ठेवला. ओट्यावरच्या प्रत्येकाला सांगितलं, हे मडकं मशीनचं, विषारी आहे, ते मडकं माणसांचं. प्रत्येकाकडून परत वदवून घेतलं. म्हातारबाबा म्हणाले, “आजी, तूपण रेल्वेत लागलीस का?”

सगळ्यांना सांगितलं. त्यांना सांगितलं नाही. त्यांचंच मडकं, त्यांना काय सांगायचं?

स्टुडिओवाला आईला घेऊन दुपारी गाडीनं आला, तिला नवीन मशीनसमोर जुनं कसं हरतं ते बघायचं होतं. तिला सांगायचं माझ्याकडून राहिलं. दोनच्या सुमाराला ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं. तापमान वाढलं तसं त्यांनी दगड बाजूला ठेवून झाकण काढलं, बोट घालून पाणी किती तापलंय ते बघितलं, बोट लेंग्याला पुसलं आणि झाकण ठेवायचं विसरून स्क्रीनपुढे बसले. पंच्याऐंशी टक्के. शहाऐंशी. सगळे मोठ्यानं मोजत होते. त्यांना तहान लागली, त्यांनी न बघता हात लांब केला. जन्मभर लाल झेंडी बघून थांबलेला माणूस. झेंडी नाही म्हणजे लाइन मोकळी.

तेव्हा ते म्हणाले, पाणी गोड का लागतंय.

मी कॅन उचलला, डॉक्टरला दाखवायला. स्टुडिओवाल्यानं गाडी चालू केली. आणि हे उठेनात.

“अर्ध्या तासात होतंय. मग जाऊ.”

“काका, चला ने! तुम्ही जिंकला, मी लिहून देतो!”

“लिहून कशाला? स्क्रीनवर दिसेल.”

दोघांनी धरून ओढलं तर त्यांनी टेबलाची कड धरली. रेल्वेत हातानं लिव्हर ओढलेला माणूस, बोटं सुटेनात. स्क्रीनवर सत्त्याऐंशी होतं. मी भिंतीशी गेले आणि प्लग उपटला.

पंप थांबला. पंखे थांबले. त्यांनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग स्वतःच उठून गाडीत जाऊन बसले.

तलासरीच्या दवाखान्यात कॅनवरचं वाचून डॉक्टरांनी लगेच हद्दीपलीकडे मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता, किती. “चौदा वीस, पाऊण ग्लास,” आम्ही दोघं एकदम बोललो.

“दारू घेता का, काका?”

“आयुष्यात नाही. ताडीसुद्धा नाही.”

“आज द्यावी लागेल. या विषाला शरीरात दारूच अडवते.”

“परत बोला,” ते म्हणाले. डॉक्टरांनी परत सांगितलं.

नाकात नळी घालून दारू दिली. गुजरातच्या हद्दीत, जिथे दारूबंदी आहे तिथे, आमच्या भागातल्या एकमेव न पिणाऱ्या माणसाला. स्टुडिओवाला रडत होता आणि त्यातच हसत होता. दोनदा मशीनला लावून रक्त गाळलं. लघवी मापानं मोजत होते. दोन दिवस डॉक्टर काही सांगेनात. मी बाहेर बाकावर बसून होते. नवस वगैरे बोलले नाही, मला ते येत नाही. प्लग उपटलेला बरा की झेंडी काढलेली वाईट, हे डोक्यात चालू होतं आणि त्याचा हिशोब लागत नव्हता.

चौथ्या दिवशी ते उठून बसले तेव्हा मी सांगितलं. “झेंडी मी काढली होती.”

“कुठे ठेवलीत?”

“तांदळाच्या पिंपामागे.”

“घडी घालून की गुंडाळून?”

“गुंडाळून.”

“ठीक.” मग म्हणाले, “झेंडी नसली तरी लाइन डोळ्यांनी बघायची असते. ते माझं काम होतं. चूक माझी. परत बोला.”

मी बोलले नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, परत बोला. मी उठले आणि चहा आणायला गेले. पाच वर्षांत तेवढं एकच वाक्य मी परत बोलले नाही.

झेंडीचा विषय त्यांनी नंतर कधी काढला नाही. प्लगचा मात्र सहा महिने काढला. “सत्त्याऐंशीला उपटला, मावशी. सत्त्याऐंशीला.” भाजीवालीलाही सांगायचे. मी म्हणायचे, हो, उपटला, पुन्हा उपटीन.

ठरल्याप्रमाणे नवीन मशीन आलं. मीठ बंद, पाणी मापात, चालणं बेतानं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोणी तब्येत विचारली की म्हणायचे, “मला परत दोन पॉइंट सहावर आणलंय.” नवीन मशीन पंधरा दिवस गुमान वापरलं. सोळाव्या दिवशी मी खोलीत गेले तर त्याचं झाकण काढलेलं होतं.

“काय करताय?”

“बघतोय नुसतं.”

“बघा. पण मडकं मिळायचं नाही.”

दोन हजार एकोणीसला मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जुनं मशीन माझ्याकडे ठेवून गेले. ते अजून सुरू होतं, दोन पॉइंट सहावर. नळ्यांचं मडकं मी त्याच आठवड्यात फोडलं होतं, हॉस्पिटलमधून आल्या आल्या. लाल झेंडी जाताना त्यांनी मागितली. मी घडी घालून दिली. त्यांनी ती उलगडली, गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली.

त्या दुपारी माझ्या ओट्यावर अकरा माणसं होती. ते पाणी एकटे तेच प्यायले. ते वाचले.